बिराजदार सरांची डबी

बिराजदार सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चहा व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "मावशी, मिठाची बरणी बघू जरा." सासूबाईंना वाटलं, चहात मीठ घेणारा माणूस असेल एखादा. त्यांनी बरणी पुढे केली. सरांनी चिमूटभर मीठ दोन बोटांत चोळलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "चाळीसच्या आत." मग खिशातून एक डबी काढली, तिचं झाकण उघडलं आणि मिनिटभर थांबले. डबीवर अडतीस आलं. हवेतला ओलावा. तेवढ्यावर स्वारी इतकी खूश झाली की पुढे आलेला चहा निवून गेला. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, माणूस चांगला आहे, पण बायको कशी दिवस काढत असेल कोण जाणे.

सर आमच्या लातूरच्या कॉलेजात फिजिक्सला होते आणि मी केमिस्ट्रीला. दोन प्रयोगशाळांमध्ये एक भिंत होती आणि ओव्हन दोघांत मिळून एक होता, तोही माझ्या बाजूला. त्यामुळे त्यांचं माझ्याकडे रोजचं येणं. बुटकी मूर्ती, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग. ते कुठेही असोत, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. एकदा परीक्षेच्या कामाला आम्ही जीपने पहाटेच निघालो होतो, तर भर रस्त्यात गाडी थांबवून एका पिंपळाच्या पारावर त्यांनी पूजा उरकली आणि परत येऊन बसल्यावर मघाचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही, पण असा नेमाचा माणूस पाहिला की मला आपलं उगीच अपराधी वाटतं.

आमच्या भागात फिजिक्सचा माणूस पीएच.डी.ला बसला की बहुधा फिल्मच करतो. काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा आणि ओलावा किंवा वायू लागला की त्यातून वाहणारी वीज कशी बदलते ते मोजायचं. यंत्रसामग्री कमी लागते, म्हणून हे काम आमच्यासारख्या गावांत झेपतं. मग पेपर छापून येतो, बढती मिळते आणि त्या काचपट्ट्या कापसात गुंडाळून लोखंडी कपाटात जातात. सरांना हे खुपायचं. ते म्हणायचे, "पेपर आला की काम मेलं असं धरून राहिलेत सगळे. माझं तर जित्तं हाय."

ते जितं ठेवायचं कारण उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात होतं. सरांचे वडील, ज्यांना सगळा मोंढा अप्पा म्हणायचा, तिथे आडतीच्या दुकानात पन्नास वर्षं बसले. सोयाबीनचा ढीग आला की अप्पा मुठीत दाणे घ्यायचे, एक दाताखाली धरून फोडायचे आणि ओल सांगायचे. त्या सांगण्यावर भाव ठरायचा. अप्पा सचोटीचे, त्यांच्या दाताला कुणी नाव ठेवलं नाही. पण सरांनी लहानपणी पोत्यांवर बसून पाहिलं होतं ते वेगळंच. अप्पा दाणा फोडत असताना समोरचा शेतकरी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. "माल त्याचा, दात अप्पाचा," सर मला म्हणाले होते. "त्यानं काय बघायचं, मॅडम?" त्या माणसाला स्वतःच्या मालाची ओल स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी, एवढ्यासाठी सरांना आपली फिल्म कपाटातून काढून मोंढ्यात न्यायची होती. त्यांच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ हेच होतं. बाकी स्टार्टअप वगैरे शब्द त्यांना नंतर लोकांनी शिकवले.

हे मनावर घेतलं तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. पुढच्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. वसतिगृह रिकामं केलं, प्रॅक्टिकलं बंद झाली. काचेची भांडी धुवायला पाणी नाही म्हणून मी मुलांना नुसत्या आकृत्या काढायला लावत होते. सरांचा जुना विद्यार्थी नजीर अशा दिवसांत पुण्याची चांगली नोकरी सोडून परत आला. त्याला सर्किट जमवता येत होतं आणि सरांना फिल्म. दोघांनी कंपनी काढली. नांदेडला अशा नव्या कंपन्यांना जागा आणि सल्ला देणारं एक केंद्र होतं, तिथल्या लोकांपुढे सर पंधरा मिनिटं बोलले. तुमची बाजारपेठ केवढी, असं त्यांना विचारण्यात आलं. सर म्हणाले, उदगीरचा मोंढा, लातूरचा मोंढा, आणि देगलूरला गुरुवारी बाजार असतो. लोक हसले, पण जागा मिळाली.

आता फिल्म नुसती ओल ओळखते, दाण्यातल्या ओलीचा आकडा सांगत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या ओलीचे दाणे फिल्म बसवलेल्या डबीत घालून डबी काय म्हणते ते बघायचं, तेच दाणे ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट काढायची, आणि दोन्हींची जोडी लावायची. ओव्हनचं काम माझं. पण त्या वर्षी ओले दाणे मिळणार कुठून? शेतात उभं होतं ते केव्हाच करपून गेलेलं. बाजारात येईल तो दाणा खडखडीत. सर आठ दिवस हिंडले आणि रिकाम्या हातांनी परत आले. तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, कोरड्या दाण्यांवर मोजून पाणी शिंपडा, डब्यात बंद करून एक रात्र ठेवा, सकाळी ओले दाणे तयार. सर जरा थांबले. मग म्हणाले, "चालंल म्हणता?" मी म्हटलं, ओव्हन काही खोटं बोलत नाही. टँकरच्या पाण्यातलं वाटीभर पाणी मी मोठ्या उदारपणे काढून दिलं होतं, ते मला अजून आठवतं.

त्यातले काही दाणे सर कौतुकाने उदगीरला घेऊन गेले. अप्पांनी एक फोडला आणि थुंकून टाकला. म्हणाले, "पाणी मारलेला माल हाय ह्यो. कुठनं आणलास?" सरांनी ही गोष्ट स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितली, आम्हीही हसलो. वजन वाढवायला मालावर पाणी मारतात हे मोंढ्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं आणि अप्पांच्या दाताने तेच पकडलं, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. जो फरक म्हाताऱ्याच्या दाताला कळतो तो आमच्या डबीलाही कळत असणार, हे दोन पीएच.डी.वाल्यांच्या डोक्यात आलं नाही.

सरांचा खरेपणा म्हणजे कधीकधी छळ होता. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. ही हवा तिकडे दर दोन-चार वर्षांनी येते. दुकानदारांनी पाट्या रंगवायला घेतल्या होत्या, अप्पांच्या शेजाऱ्याने तर कॅलेंडरंच 'जि. उदगीर' म्हणून छापून घेतली होती. नजीरने उत्साहात डबीच्या खोक्यांवर तोच पत्ता छापला. सरांनी चाळीस खोकी बघितली आणि घरून खळ करून आणली. दिवसभर बसून प्रत्येक खोक्यावर 'जि. लातूर' अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली. नजीर वैतागून म्हणाला, सर, सहा महिन्यांत होणारच आहे. सर म्हणाले, "झाल्यावर हे काढू. न्हाई झालेलं झालं म्हणून कशाला विकायचं?" जिल्हा अजून व्हायचाय.

रेल्वेने पाणी आणलं त्याच वर्षी पुढे पाऊस आला, आणि असा आला की वाळलेल्या नद्यांनी मागची सगळी थकबाकी फेडली. सोयाबीन काढणीला आलं तेव्हाही शेतात चिखल होता. चाळीस डब्या लातूर-उदगीरच्या काही आडतींवर आणि देगलूरजवळच्या एका शेतकरी गटाच्या गोदामात गेल्या. पंधरा दिवसांत सरांचं नाव झालं. शेतकरी आपला माल डबीवर लावा म्हणून हट्ट धरू लागले. आडत्याच्या दाताला जी ओल जास्त लागायची ती डबीत कमी यायची. सरांना वाटलं, बघा, दात शेतकऱ्याला फसवत होता. पुण्याहून एक गुंतवणूकवाला येऊन गेला आणि सही करायची तारीखही ठरवून गेला. त्या दिवसांत सर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

मग देगलूरच्या गटाचा निरोप आला की गोदामात वास येतोय. सर, नजीर आणि मी जीपने गेलो. गोदामात शिरल्या शिरल्या आंबूस दर्प आला. तिथे काम करणारी एक बाई तेलुगू-मराठीत काहीतरी पुटपुटत आमच्याकडे बघत होती. सरांनी बाही वर केली आणि ढिगात हात घातला, कोपराच्या वर, जवळजवळ खांद्यापर्यंत. आत माल गरम होता. ओला माल कोरडा समजून साठवला की आतून तापतो आणि त्याला बुरशी धरते. त्यांनी हात लगेच बाहेर काढला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांना जे कळलं ते मला त्याच क्षणी कळलं.

आमचं पाणी दाण्याच्या अंगावर बसलं होतं. डबी ते लगेच हुंगायची. शेतातला दाणा उन्हाने वरून सुकलेला आणि आतून ओला असतो, त्याचं पाणी डबीपर्यंत येतच नाही. म्हणून खऱ्या ओल्या मालाला डबी कोरडं म्हणत होती. सरांनी ढिगातला एक दाणा दाताखाली धरला, फोडला, आणि म्हणाले, "अप्पांनी सांगितलं होतं."

परतीच्या वाटेवर मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा सरांनी खिडकीची काच वर करायला सांगितली, वारा लागतोय म्हणून.

सहीला चार दिवस होते. केंद्राचा सल्लागार नांदेडहून मुद्दाम आला आणि त्याने शहाणपणाची वाट सांगितली. नव्या यंत्राचा पहिला नमुना चुकतोच, सगळ्यांचा चुकतो. सुधारणा म्हणून डब्या गुपचूप परत मागवा, आतलं गणित बदला, सही होऊन जाऊ द्या. चुकीची वाच्यता करू नका. मला स्वतःला हे पटलं होतं, खोटं कशाला सांगू. नजीरला तर पटायलाच हवं होतं.

"सर, मी नोकरी सोडून आलो," तो म्हणाला. "अम्मीला काय सांगू मी?"

"अम्मीला सांग, मास्तर चुकला," सर म्हणाले.

त्यांनी हाताने चाळीस पत्रं लिहिली. त्यात एकच मजकूर होता: ओलीचा आकडा लावताना माझ्याकडून चूक झाली आहे, डबीवर भरवसा ठेवून माल साठवू नये. माझ्याकडून. मी ते पत्र तीनदा वाचलं. त्या वर्षी उपप्राचार्यपदासाठी माझं नाव चर्चेत होतं. मी गप्प बसले.

पत्र किती जण वाचतात, म्हणून सर उदगीरच्या मोंढ्यात स्वतः गेले. मी बरोबर होते, एवढंच माझं शौर्य. सौद्याची वेळ झाली की मोंढ्यातले सगळे एका जागी जमतात, शेतकरी, आडते, हमाल. सौदा पुकारण्याआधी सरांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि ओट्यावर उभे राहिले. आवाज त्यांचा वर्गातला, न चढवता मागच्या बाकापर्यंत जाणारा. ही डबी मी केली, ही चुकते, ओल कमी दाखवते, कुणी माल साठवला असेल तर आजच पसरा. बस्स.  मग पागोटं बांधलेला एक म्हातारा शेतकरी पुढे आला.

"मास्तर, आमच्या बाजूनं चुकत हुती ती," तो म्हणाला. "पयल्यांदाच कायतरी आमच्या बाजूनं चुकलं. चुकू द्यायचं हुतं की."

 मी सरांना अडलेलं त्याच दिवशी पाहिलं. "आज तुमच्या बाजूनं," ते शेवटी म्हणाले. "उद्या कुनाच्या बाजूनं चुकंल, ते मला तरी कुठं ठावं हाय, काका?"

म्हातारा मान हलवत निघून गेला. त्याला पटलं असं काही मला वाटलं नाही. पलीकडे दुकानात अप्पा गादीवरून उठून उभे राहिले होते. ऐंशी पार केलेला, गुडघ्यांनी गेलेला माणूस, दाराची चौकट धरून मुलाचं बोलणं संपेपर्यंत उभा होता. त्यांना सर एकदाही दिसले नसतील, मध्ये एवढी गर्दी. सर ओट्यावरून उतरले तेव्हाच ते बसले.

गुंतवणूकवाला परत आला नाही. कंपनी मिटली. नजीर पुण्याला गेला, दोन वर्षं सरांशी बोलला नाही. सरांनी दिवाळीची सगळी सुट्टी देगलूरच्या गोदामासमोर ताडपत्रीवर सोयाबीन पसरून, फावड्याने उलथत काढली. वाचला तेवढा माल वाचवला. कॉलेजात लोक त्यांना 'उद्योगपती' म्हणू लागले होते. ते ऐकायचे आणि ओव्हन मोकळा आहे का म्हणून मला विचारायचे.

कारण त्यांनी काम पुन्हा पहिल्यापासून धरलं होतं. आता पाणी शिंपडायचं नाही. शेतात उभ्या पिकातून, काढणीच्या दिवशी, खरा ओला दाणा आणायचा. एक दिवसाच्या आत तो डबीला दाखवायचा आणि ओव्हनमध्ये घालायचा. वर्षातून हे जेमतेम तीन आठवडे जमतं. सेवानिवृत्त झाले तरी दर काढणीला सर उमरी, देगलूर, निलंगा करत हिंडायचे. खांद्याला कापडी पिशव्या, प्रत्येक पिशवीत गाव-तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी. उशीर झालेला नमुना ते स्वतःच फेकून द्यायचे. एकदा बस बंद पडली म्हणून निलंग्याहून आणलेल्या सहाच्या सहा पिशव्या त्यांनी माझ्यासमोर गायीला घातल्या. असं पाच वर्षं चाललं. वही भरत आली. चौथ्या वर्षी नजीर आपण होऊन आला आणि वही चाळून गेला. पुढच्या काढणीनंतर पुन्हा डबी करू म्हणाला. त्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेत सर गुणगुणत होते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मुदखेडच्या स्टेशनवर. मी परीक्षेचं काम उरकून नांदेडकडे परतत होते, ते उमरीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते, मांडीवर रिकाम्या पिशव्यांची चळत. थकलेले दिसत होते. इतकी वर्षं जे घशात अडकलं होतं ते त्या बाकावर कसं कोण जाणे निघालं. मी विचारलं, सर, पाणी शिंपडा असं मी म्हणाले होते, तुम्ही कुणाला कधी सांगितलं का नाही?

त्यांनी पिशव्यांच्या कडा सारख्या केल्या. "तुमी पाणी सुचवलं, मॅडम," ते म्हणाले. "आकडा मी लिहिला."

मला रडू आलं आणि ते त्यांना दिसलं. ते अवघडून रुळांकडे बघत राहिले. गाडी आली. चढताना मागे वळून म्हणाले, "परवा शनिवारी ओव्हन रिकामा ठेवा. शेवटचे दहा राहिलेत." गाडी हलली तेव्हा ते खिडकीपाशी जागा मिळवून पिशव्या मांडीवर घेत होते.

शनिवारी सकाळीच मी ओव्हन रिकामा करून तापत ठेवला. अकरा वाजता नजीरचा फोन आला. सर उदगीरला घरी, पूजा झाल्यावर, बसल्या जागीच गेले होते.

मंगळवारी नजीर त्या पिशव्या घेऊन आला. दहा होत्या. चिठ्ठ्या सरांच्या अक्षरात, गाव उमरी, तारीख शुक्रवारची. त्याने त्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, एवढं शेवटचं करून टाकू, मॅडम, सरांची वही पुरी होईल. मी पहिली पिशवी सोडली, दाणे तराजूवर घातले, वजनही वाचलं. मग मला पुढे जाववेना. मी नजीरला खाली बसायला सांगितलं आणि पहिल्या वेळचं ते पाणी कुणी शिंपडायला लावलं होतं ते सांगितलं.  दोन वर्षं तो ज्या माणसावर रागावून बसला होता त्याला आता 'माझं चुकलं' म्हणायला जागा उरली नव्हती, आणि ते माझ्यामुळे. मी वही ओढून घेतली, उमरीसाठी मोकळ्या ठेवलेल्या दहा ओळींपुढे 'उशीर झाला, नमुना बाद' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.

नजीरने ती सही वाचली. मग दहाही पिशव्या एकेक करून रिकाम्या केल्या, झटकल्या, घडी करून हातात घेतल्या.

"उमरीकडं अजून आठ दिवस काढणी चालंल," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघू या का?"